रागिणीचा चौदा वर्षांचा एक्सपिरियन्स

दर्यापुरात आमच्या आळीत कुणाकडे काय शिजतंय हे मला वासावरून कळतं. पण शेजारच्या रागिणीकडून महिनाभर इंग्रजीच ऐकू येऊ लागलं, तेव्हा मीही चक्रावले. ही माळ्यांची सून, बारावी पास, घरच्या वावरात मिरची-वांग्याची रोपं तयार करणारी. अकोल्याच्या एका नर्सरीला सुपरवायझर हवा, अशी इंग्रजी जाहिरात आली होती. बाईनं तिच्यातला शब्द न् शब्द वहीत उतरवला आणि वाफे भिजवता भिजवता पाठ केला.

“काहून वं, वांग्याले इंग्रजीत पाणी देतं काय?” मी कुंपणावरून विचारलं.

“हासा काकू. मले ही नोकरी पायजेच.”

मुलाखतीला मी सोबत गेले. धीर द्यायला, असं मी सांगते. खरं म्हणजे बातमी माझ्याआधी कुणाला लागू नये म्हणून.

फॉर्म तिनं कुणालाही न विचारता भरला. ‘एक्सपिरियन्स’पुढे मात्र ठसठशीत लिहिलं, ‘निल’.

“अवं, चौदा वर्सं रोपं करून राह्यली तू!”

“ते घरचं काम व्हय काकू. नोकरी कुठी केली?”

आमच्याकडे असंच. सासऱ्याच्या वावरात सून राबली तर ते काम धरतच नाहीत. सून स्वतःही धरत नाही.

नर्सरीच्या साहेबांनी फॉर्म बाजूला सारला. “ताई, दोन वर्षांचा अनुभव पाहिजे.”

रागिणी उठली. दारापर्यंत गेली आणि थबकली. मग परत फिरली.

“अनुभव मांगता ना तुमी? मंग फॉर्म द्या इकडे.”

‘निल’वर काट मारून तिनं इंग्रजीत लिहिलं, चौदा वर्षं, मिरची, वांगी, टमाटे.

“सर्टिफिकेट?”

“नाही. रोपं दाखवा.”

शेडमध्ये तिनं मिरचीचं एक रोप अलगद उपसलं, मुळी पाहिली. “पाणी जास्त होऊन राह्यलं, साहेब. मुळ्या सडाले लागल्या. दोन दिवस पाणी बंद ठेवा.”

साहेबांनी रोपांना पाणी देणाऱ्या नर्सरीतल्या माळ्याकडे पाहिलं. माळी जमिनीकडे पाहू लागला.

“ठीक. तीन महिने प्रोबेशन. इथे सही करा.”

“प्रोबेशनमधे पगार पुरा भेटते काय?”

“पूर्ण.”

“कागदावर तसं लिवलं काय?”

“लिहिलंय, ताई. करा सही.”

“वाचून करतो.”

दोन पानं, एकेका ओळीवर बोट. साहेबांना जेवायची घाई, मला बसची. रागिणीला कशाचीच नव्हती.