नागवेलीचं काचघर

काचघर आमच्या परसात आलं ते सुटं, लाकडी खोक्यांमधून. मुळात ते आमच्यासाठी नव्हतं. आदिलाबादेतल्या एका बड्या अंमलदारानं बंगल्यात परदेशी फुलझाडं लावायला ते विलायतेहून मागवलं होतं. खोकी पोचेपर्यंत त्याची बदली झाली. ती कचेरीच्या गोदामात पडून राहिली आणि पुढं मोडक्या खुर्च्यांबरोबर त्यांचा हर्राज झाला. माझे वडील त्याच कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून, होते. खोक्यांत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बोली लावली आणि खोकी बैलगाडीत घालून घरी आणली. स्वतःसाठी त्यांनी कधी धड छत्रीसुद्धा घेतली नव्हती.

खोकी आणली ती परसातल्या एका नागवेलीसाठी.

माझी थोरली बहीण मुधोळला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला ती आश्विनात माहेरी आली. आल्यावर तिनं जवळच्या मावला गावातल्या एका मळ्यातून नागवेलीच्या काड्या आणवल्या आणि विहिरीजवळ लावल्या. आईला जेवणावर पान लागे आणि बाजारची पानं शिळी असत, एवढंच कारण. त्यातली एक काडी जगली. पौषात बहिणीला मुलगी झाली. नंतर ताप आला, तो उतरला नाही, आणि बहीण गेली. मुलगी वाचली. मुधोळला अंगावर पाजणारी जाऊ होती, म्हणून सासरची माणसं मुलीला घेऊन गेली. त्यांचं त्यात काही चुकलं नाही.

त्याच थंडीत वेल काळी पडली. पानं गळाली. फाल्गुनात मुळाशी एक फुटवा दिसला. त्या दिवसापासून वडील कचेरीतून आले की डोक्यावरची टोपी न काढता आधी विहिरीकडे जात.

लग्न झालेल्या मुलीचं सुतक माहेरी तीनच दिवस असतं. आईनं वर्ष पाळलं. आमच्याकडे गुढी उभी राहिली नाही, दिवाळीला पणती लागली नाही, भिंतींना रंगाचा हात फिरला नाही. भाऊबंदांनी सांगून पाहिलं की असं शास्त्रात नाही. आई म्हणाली, "शास्त्र तुमच्यापाशी राहू द्या."

दुसरी थंडी यायच्या आत काचघर उभं करायचं ठरलं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन कचेरीतच नकलनवीस होतो. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. खोक्यात एक छापील कागद होता. मी एकेक वाक्य वाचायचं, वडिलांनी ते ऐकून सामानाकडे बघायचं, असं काम चाले. लोखंडी पट्ट्यांवर आकडे ठोकलेले होते. काचा गवतात गुंडाळलेल्या होत्या. काही फुटलेल्या निघाल्या, तिथं पत्रा बसवला. काचा बसवायची लांबी डब्यात वाळून दगड झाली होती. वडिलांनी जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून नवी केली. आठवडाभर त्यांच्या हातांना तो वास होता.

शेजारी एक भाजीवाले होते. मावल्याला त्यांची वाडी होती. ते कुंपणाला रेलून बघत.

"पेशकारसाब, वेलीले बंगला बांधून राह्यले का?"

"थंडी बाधते तिला," वडील म्हणाले.

"आमाले बी बाधते. आमच्यासाठी नाही बांधत कोणी."

आई घरातून म्हणाली, "त्याईले सांगा, दार दक्षिणेकडं नको."

"वहिनी, झाडाले काय दक्षिण अन् काय उत्तर?"

"घर हाये ना? मग दार पूर्वेलेच."

कागदाप्रमाणं लांब बाजू दक्षिणेला हवी होती आणि दार आखूड बाजूला होतं. ते पूर्वेला आलं. वडिलांनी समाधानानं मान हलवली. बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच आईनं कशात तरी मत दिलं होतं.

ती थंडी वेलीनं काढली. बाहेर सकाळी तोंडातून वाफ निघे आणि आत पानांवर दव असे. वेल बांबूवर चढली तशी आई तिला बहिणीच्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधत गेली. हिरवं लुगडं होतं. दुसरं काही त्यासाठी वापरायचं नाही, असं तिनं सांगून ठेवलं.

पौषात वर्षश्राद्ध झालं. माघात मुधोळहून निरोप आला, की चैत्री पुनवेला आम्ही माहूरला जाणार आहोत. पाडव्याला मुलीला घेऊन जा, पुनवेआधी आम्ही तिकडून नेऊ. मुलगी आजोळी पहिल्यांदाच येणार होती. आईनं तेव्हापासून वेलीचं एकही पान तोडलं नाही. स्वतःला बाजारातून आणून खाई. "तिच्या मायच्या वेलीची पानं घालीन तिच्या ओटीत," ती म्हणे. "मायचं दुसरं काय हाये तिच्यापाशी?"

कागदाच्या शेवटी उन्हाळ्याबद्दल लिहिलं होतं. ऊन वाढू लागलं की काचांना बाहेरून चुना फासावा आणि वरची झडप उघडी ठेवावी. फाल्गुनात वडिलांनी दोन्ही केलं. आईलाही समजावून सांगितलं. पांढऱ्या काचांमधून आतली वेल दिसेनाशी झाली. पुढं वडील जमाबंदीच्या दौऱ्यावर तलमडुगूकडे गेले आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी पहाटे मी मुधोळला निघालो. निघताना काचांवर चुना होता, झडप उघडी होती.

यानंतरचं मी पाहिलेलं नाही. आई आणि शेजारच्या भाजीवाल्यांनी सांगितलं ते असं.

वर्ष पाळून झाल्यावरचा आईचा तो पहिला सण होता. तिनं घर आवरायला काढलं. भांडी चिंचेनं घासली, गोधड्या धुतल्या, ओसरी सारवली. दुपारी ती परसात आली आणि काचा धुऊ लागली.

भाजीवाल्यांनी कुंपणावरून विचारलं, "वहिनी, चुना काऊन काढून राह्यल्या?"

"पोर येऊन राह्यली. दारातून तिले वेल दिसली पाहिजे."

"अन् ऊन?"

"सण झाला का पुन्हा फासू. दोन दिवसानं काय होते?"

धुतलेल्या काचांतून वेल दिसली. ती छतापर्यंत पोचली होती. भाजीवाले म्हणाले की त्यांनीही हात थांबवून पाहिली. वाऱ्यानं धूळ उडत होती, पानं मळतील म्हणून आईनं वरची झडप ओढून घेतली.

पाडव्याला गुढी उभी राहिली. त्या दिवशी ऊन एकदम चढलं. दुपारी आईला पानांनी मान टाकलेली दिसली. तिला वाटलं तहानली, म्हणून तिनं पाणी घातलं आणि झळ लागू नये म्हणून दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा आतून चुलीवरच्या भांड्यासारखी वाफ आली. पानं शिजलेल्या भाजीसारखी लोंबत होती.

मी मुलीला कडेवर घेऊन पोचलो तो त्यानंतरचा दिवस होता. आईनं तिला माझ्याकडून घेतलं. तिच्या कपाळावरचे केस मागं सारले, चेहरा बराच वेळ पाहिला. मी परसाकडं निघालो तशी ती म्हणाली, "तिकडं नको नेऊ इले."

वडील दौऱ्याहून आले ते संध्याकाळी. सवयीनं आधी विहिरीकडे गेले. मी मागं होतो. त्यांनी काचा पाहिल्या, झडप पाहिली, वेल पाहिली. आई मुलीला घेऊन मागच्या दारात उभी होती.

"मी धुतल्या," ती म्हणाली. "इले दिसावी म्हणून."

वडील हौदाकडे वळले. तिथं चुन्याचं मडकं होतं. त्यांनी त्यात पाणी घातलं, काडीनं ढवळलं, आणि कुंचा घेऊन वरच्या काचेपासून सुरुवात केली.

"अवो, आता कशाले?" आईनं विचारलं.

"ऊन आहे अजून," वडील म्हणाले.

ऊन उतरलेलं होतं. ते काचेमागून काच फासत गेले. मुलगी कुंच्याकडे बघून हसत होती आणि हात पुढं करत होती. आई तिला घेऊन पायरीवर बसली. शेवटच्या काचेपर्यंत ती तिथून उठली नाही.

मुलगी आमच्याकडे पुनवेआधीपर्यंत राहिली. जायच्या दिवशी आईनं तिची ओटी भरली. पानं मी बाजारातून आणली होती. वरची दोन पानं कडेला पिवळी होती. आईनं ती काढून टाकली नाहीत, फक्त खाली सरकवली. मुलीला न्यायला आलेल्या बहिणीच्या जावेनं पानं बांधून घेताना विचारलं, "घरच्या वेलीची ना?"

आई म्हणाली, "नाही बाई. ती गेली."

त्यानंतरही ती रोज सकाळी काचघरात तांब्याभर पाणी नेत असे. एकदा मुळाशी फुटवा आला होता, तेव्हा पुन्हा येईल असं तिला वाटत असावं. आम्ही तिला थांबवलं नाही.

आषाढात पावसानं काचांवरचा चुना आपोआप धुतला गेला. आत बांबू उभा होता आणि त्याला काळा, वाळका दांडा बांधलेला होता. उघडीप पडली त्या सकाळी आई तांब्या न घेता आत गेली. तिनं लुगड्याच्या पट्ट्या एकेक करून सोडल्या. काही गाठी पावसाळी हवेनं घट्ट झाल्या होत्या, त्या दातांनी सोडवल्या. मग विहिरीवर जाऊन पट्ट्या धुतल्या, पिळल्या, आणि दोरीवर एकेक सरळ करून वाळत घातल्या.