तेहतीस फेऱ्यांची सनई

आयुष्यातली पहिली रेकॉर्ड मी विकत घेतली तेव्हा आमच्या घरात ती वाजवायला काहीही नव्हतं. (ट्रान्झिस्टर शेजाऱ्यांकडे होता. आवाज आमच्याकडे यायचा, एवढंच.)

पाऊस लागोपाठ दोन वर्षं हुकला होता. अणदूरजवळच्या आमच्या गावात टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्यातच धाकट्या बहिणीचं, मंदाचं लग्न ठरलं. मुलगा तेरचा. विठ्ठलराव, शाळेत मास्तर. आमचे वडील नव्हते, म्हणून बोलणी मीच केली. दुष्काळात बँड नको, असं दोन्हीकडच्या मंडळींनी ठरवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मंदा तेवढी चुलीपुढून म्हणाली, "दादा, मुकाट्यानं अक्षता टाकल्यावर लग्न लागलं का मयत उरकलं, कुणाला कळंल?"

तिनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "सनई वाजंल. माझा शब्द."

मी तेव्हा दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पावशेर दूधही मी नजरेनं कधी घेतलं नाही, मापानंच घेतलं. त्यामुळे माझ्या शब्दाला गावात वजन होतं.

लाउडस्पीकर गावात एकट्या महेबूबभाईंकडे होता. चावी देऊन फिरवायचं यंत्र, बॅटरी आणि भोंगा, असा त्यांचा संसार.

"सनईची रेकॉर्ड हाय का, भाई?"

"थी ना. गेल्या साली तिच्यावर बकरी बसली. तुमी आणा नवी, मी वाजवतो."

मी घरून सुतळी आणून त्यांच्या यंत्राची चकती मोजली. मधल्या खिळ्याची जाडीही मोजली. मग सोलापूरला जाऊन दुकानात तीच सुतळी लावून बघितली. दुकानदार म्हणाला, "सतरंजी घेताय का रेकॉर्ड?" मी लक्ष दिलं नाही. व्यास बसला, भोक बसलं. मोठी रेकॉर्ड होती, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सनई. मधल्या गोल कागदावर ३३ आणि एक तृतीयांश असा आकडा छापलेला होता. तोही मी वाचला. मला वाटलं, मालाचा नंबर असेल. (दुधाच्या फॅटचा आकडा एवढा मोठा नसतो, त्यामुळे मला त्यात रस वाटला नाही.)

"आडवी धरा, उन्हाला दाखवू नका," एवढंच दुकानदारानं सांगितलं. एसटीत मी सावलीची बाजू धरली आणि रेकॉर्ड मांडीवर आडवी ठेवली. शेजारच्या बाईंना ती जागा सपाट वाटली. त्यांनी तिच्यावर लेकरू ठेवलं. ते अणदूरपर्यंत झोपलं आणि तेवढा वेळ मी श्वाससुद्धा बेतानं घेतला. घरी आल्यावर पंधरा दिवस रेकॉर्ड वाकळांच्या चवडीत ठेवली. घरात ऐकायची सोय नव्हती आणि सुतळीनं मोजलेली वस्तू महेबूबभाईंकडे नेऊन तपासायची गरज मला वाटली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी महेबूबभाईंनी भोंगा लिंबाच्या झाडाला बांधला, चावी दिली आणि सुई टेकवली.

दहा-बारा चिमण्या डब्यात कोंडून डबा हलवावा, तसला आवाज निघाला. मांडवातली कुत्री उठून गेली.

नवरदेवाचे चुलते पानाला चुना लावत होते. ते म्हणाले, "काय हो, ही सनई कुठली गाडी धरायला निघाली एवढ्या घाईनं?"

महेबूबभाईंनी कागदावरचा आकडा बोटानं दाखवला. "सेक्रेटरीसाब, ही मिनटाला तेहतीस फेऱ्याची हाय. माझी मशीन अठ्ठ्याहत्तर फिरते. कमी करायचा काटा न्हाय तिला."

"मग आधी का न्हाय सांगितलं?"

"तुमी सुतळी घेऊन आल्ते. मला वाटलं, सुतळीत समदं आलं."

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. सोलापूरला जाऊन यायला वेळ नव्हता. आतून मंदाची हाक आली, "दादा, ते काय वाजतंय?"

"सनईच हाय. जुळवतूय," मी म्हणालो. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

तेवढ्यात मला उपाय सुचला. सोसायटीत फॅट तपासायचं हाताचं यंत्र होतं. त्याचं हँडल ठरलेल्या वेगानं, फेरे मोजत फिरवावं लागायचं. हे काम मी सहा वर्षं करत होतो. तालुक्यात माझ्याइतका एकसारखा हात कुणाचा नव्हता, असं तपासणीला आलेले साहेबही म्हणाले होते. मी टेबलाशी बसलो, फिरत्या चकतीच्या कडेला बोट लावलं आणि घड्याळावर नजर ठेवून मोजायला लागलो. मिनिटाला तेहतीस. राहिलेल्या एक तृतीयांशासाठी दर तिसऱ्या मिनिटाला चौतीस.

आणि चिमण्यांची सनई झाली!

अक्षता पडल्या तेव्हा ती व्यवस्थित वाजत होती. मला मांडव दिसत नव्हता, घड्याळ दिसत होतं. पाठीवर चार तांदूळ पडले, त्यावरून लग्न लागल्याचं कळलं. मंदानं आतून निरोप पाठवला, "दादाला म्हणावं, बंद करू नका." मी बाजू उलटवली आणि पुन्हा बोट लावलं.

मग गुरुजी म्हणाले, "कानपिळी. नवरीच्या भावाला बोलवा."

नवरदेवाचा कान पिळायचा मान भावाचा. माझं बोट तर चकतीवर. महेबूबभाईंनी माइक हातात घेतला आणि साऱ्या गावाला ऐकवलं, "नवरीचा भाऊ येऊ शकत न्हाय. तो सनईला ब्रेक लावून बसलाय. नवरदेवानं कान घेऊन इकडं यावं."

विठ्ठलराव उपरणं सावरत आले आणि टेबलाशी वाकले. उजवं बोट तसंच ठेवून मी डाव्या हातानं त्यांचा कान धरला. पण माणसाचे दोन हात एकमेकांशी बोलत असतात, हे माझ्या हिशेबात नव्हतं. कान पिळला की बोट दाबलं जाई आणि सनई म्हशीसारखी हंबरे. कान सोडला की चिमण्या. असं तीनदा झालं.

चुलते म्हणाले, "आरं, पोराला सोडा. कानातनं वाजतंय असं वाटायलंय."

"मेव्हणं," विठ्ठलराव वाकलेल्या अवस्थेत हळूच म्हणाले, "कितवा आकडा चाललाय?"

"एकवीस. बोलू नका."

पाठवणीला पुन्हा पहिली बाजू लावली. बायका रडत होत्या. माझं बोट काळं पडलं होतं, ओठ आपोआप हलत होते. मंदा मला शोधत टेबलाशी आली आणि वाकून पाया पडली. ज्या क्षणासाठी थोरला भाऊ असतो, तो हा क्षण. सुखी राहा, नांदा सौख्यभरे, काहीतरी म्हणायचं असतं. मी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि म्हणालो,

"तेहतीस."

मंदा रडायच्या ऐवजी हसायला लागली, ती टेम्पो दिसेनासा होईपर्यंत हसत होती. तेरच्या मंडळींना मात्र हा आमच्याकडचा काही रिवाज असावा असं वाटलं. चुलत्यांनी तर विचारलंही, "तेहतीसच का? आमच्याकडं शंभर म्हणत्यात."

जाड सुईनं रेकॉर्डीचं त्याच दिवशी वाटोळं झालं. पण आशीर्वाद टिकला. मुलं झाली, विठ्ठलराव हेडमास्तर होऊन निवृत्तही झाले. अशात एका सकाळी त्यांचा फोन आला.

"मेव्हणं, आज लग्नाला तेहतीस वर्षं पुरी झाली. तुमच्या आशीर्वादाची मुदत संपली. मंदा म्हणती, आता वाढवून देतात का न्हाय ते इचारा."

एवढ्या वर्षांत मोठ्या मनानं काही बोलायची ही दुसरी संधी आली होती. मी थोडा विचार केला आणि म्हणालो,

"घाई करू नका. एक तृतीयांश बाकी हाय. अजून चार महिन्यांनी फोन करा."