शर्यतीचा परवाना आणि वरातीचा घोडा

सरकारी पशुवैद्य म्हणून माझी पहिली नेमणूक देवगाव रंगारीजवळच्या एका गावात झाली. घर मुकुंदवाडीला, त्यामुळं सकाळची एसटी पकडायची आणि दिवेलागणीला परत यायचं. म्हशींची बाळंतपणं आणि शेळ्यांच्या लसी यात दिवस छान जात होते. घोड्यांशी माझा संबंध कॉलेजच्या अभ्यासापुरताच आला होता.

त्या वर्षी गावच्या जत्रेत घोड्यांची शर्यत पुन्हा भरवायचं ठरलं. मधली बरीच वर्षं शर्यती बंद होत्या. आता सुरू झाल्या, पण नियमांसकट. आधी अर्ज, मग परवान्याची फी, वर अनामत. चाबूक नाही, काठी नाही, आणि प्रत्येक जनावराला तंदुरुस्तीचा दाखला. अडचण एवढीच की नियमात जिथं तिथं बैल लिहिलेलं. घोड्यांचं काय करायचं, हे विचारायला जत्रा कमिटीच्या अध्यक्षांनी शहरातल्या कचेरीत किती हेलपाटे घातले असतील. शेवटी वरून कळलं की घोड्यांनाही तेच नियम लावा. दाखल्यावर सही माझी.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यासमोर घोड्यांची रांग लागली. सगळ्यांचं लक्ष होतं ते एका काळ्या घोडीवर. तिचे मालक पन्नाशी उलटलेले, मका आणि कांदा करणारे. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही. शर्यती सुरू झाल्यापासून आसपासच्या गावांत ही घोडी पळाली की दुसऱ्या नंबरासाठीच चुरस असायची. मामांना फीचा भारी राग होता. घोडी माझी, चारा माझा, पळणार ती माझ्या जिवावर, मग सरकारला कशाचे पैसे, असं ते रांगेतल्या प्रत्येकाला ऐकवत होते. तरी सगळ्यांत आधी फी भरली होती त्यांनीच.

मी घोडी तपासली. परत एकदा तपासली. घोडी गाभण होती, आणि दिवस बरेच गेलेले होते.

मामांना सांगितलं तर ते हसले. "मॅडम, तुम्हाला म्हशींची सवय हाय. घोडीचं पोट असंच असतंय."

खरं सांगायचं तर माझाही धीर सुटला. आत जाऊन कॉलेजातल्या माझ्या सरांना फोन लावला आणि हाताला जे लागलं ते सगळं सांगितलं. सर म्हणाले, हाताला लागलंय ना, मग मला कशाला विचारतेस? बाहेर येऊन मी दाखला नाकारला. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की लोक हीच घोडी बघायला येतात, एवढी एक सही करून टाका. नोकरी नवी होती, पण मी नाहीच म्हटलं. मामा घोडी घेऊन निघून गेले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या मामी दवाखान्यात आल्या. आता ह्या भांडणार, असं वाटून मी खुर्चीत सावरून बसले. त्यांनी पदराआडून गरम धपाट्यांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं.

"मला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या गावच्या जत्रेत घोडा हिच्या शेजारी बांधला होता, तवाच मला शंका आली. वेगळं खायला घालतेय तिला. पर ह्यांनी माझं ऐकलं असतं का? सरकारनं नाय म्हणलं तं ऐकावं लागतंय."

त्या क्षणापर्यंत मी सरकार आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

भरलेली फी परत मिळणार नव्हती, पण जनावर बदलायची मुभा होती. मग मामींनीच तोड काढली. त्यांचा भाऊ शहरात लग्नाच्या वरातीला घोडा द्यायचा. तो पांढराशुभ्र, देखणा घोडा टेम्पोत बसून गावात आला. मी तपासला तर एकदम ठणठणीत. दाखला न देण्यासारखं त्याच्यात काहीच नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी कापणी झालेल्या वावरात ही गर्दी. नियम पाळले जातात का ते बघायला मी कडेला उभी. निशाण पडलं, घोडे सुटले आणि हलगी कडाडली. मामांना पाठीवर घेऊन पांढरा घोडा चार ढांगा नीट पळाला. मग हलगीचा ठेका त्याच्या कानात शिरला असावा, कारण तो थांबला, मान वाकवली आणि पुढचे पाय उचलून नाचायला लागला. मामा टाचा मारत होते, लाडीगोडी लावत होते. चाबूक नाही, काठी नाही, करणार काय? पुढं कोण जिंकलं ते फार थोड्यांनी पाहिलं. पोरंसोरं पांढऱ्या घोड्याभोवती नाचायला लागली, आणि शेवटी वर बसलेल्या मामांनाही हसू आवरेना. एका हातानं फेटा सावरत त्यांनी दुसरा हात हवेत उडवायला सुरुवात केली. शेवटच्या रेघेपर्यंत ते असे वरातीसारखेच आले.

त्या दिवशी मामांच्या मेहुण्याला तिथल्या तिथं पाच-सहा लग्नांच्या सुपाऱ्या मिळाल्या. मामा मात्र माझ्याशी अजून बोलत नव्हते.

पुढं माझी बदली अजिंठ्याकडं झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी मामांचा फोन आला. घोडी व्याली होती, शिंगरू काळंच होतं, आईसारखं. "पहाटंच उभं ऱ्हायलं बघा," ते सांगत होते, "अन् लई वांड हाय." नवीन डॉक्टर बरा आहे म्हणाले, पण शिंगराला पहिल्यांदा हात तुम्हीच लावा, रविवारी या. मागून मामी काहीतरी सांगत होत्या. मी येते म्हटलं आणि रविवारी खरंच गेले.