लमाणी बाईची हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका.

लढाईची वर्षं होती. मी साताऱ्याकडची, सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स होते. मिरजेच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या लमाणांपैकी एक बाई तिची सहा वर्षांची मुलगी घेऊन आली. घटसर्प. डॉक्टरांनी मला बजावलं, "श्वास अडकतोय वाटलं की लगेच बोलवा. गळ्याला छेद द्यावा लागेल."

सकाळी त्या बाईची बहीण भेटायला आली. दोघी गळ्यात पडून रडू लागल्या — रडणं कसलं, सूर लावून गाणंच ते! मी घाबरून धावले, तर मुलगी शांत झोपलेली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "आवं बाई, लमाणांची रीतच हाय ती. नुसत्या भेटल्या तरी रडत्यात." मी हसले. सोंगाडी जात, असं म्हणाले — हो, मीच.

दुपारी पुन्हा तोच सूर. मी पलीकडच्या खोलीत पट्ट्या गुंडाळत होते. मुलीची आई दारात आली, माझा हात धरून ओढू लागली. तिचे शब्द मला कळत नव्हते. पण डोळे? डोळे कळायला भाषा लागते का? मी हात झटकला. "पुरे कर तुझं सोंग," म्हटलं — आणि उरलेल्या पट्ट्या गुंडाळून मगच गेले.

मुलगी निळी पडली होती.

डॉक्टर धावत आले, पण उशीर झाला होता. "मला बोलावलं का नाही?"

"आईनं सांगितलंच नाही," मी म्हणाले. "गप्प बसून होती."

आता ती खरंच गप्प होती. डोळ्यांत टिपूस नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. आणि मी — हे सांगायला जीभ रेटत नाही — त्या म्हातारीला म्हणाले, "बघा, पोटची पोर गेली तरी रडत नाही. यांना काळीजच नसतं."

रडली तेव्हा सोंग म्हटलं, रडली नाही तेव्हा काळीज नाही म्हटलं. तिनं करायचं तरी काय होतं?

ओढणीत पोर गुंडाळून ती निघून गेली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं — आईच्या हयगयीमुळे उशीर. खाली मला सही करायला सांगितली.

मी केली. कागद डॉक्टरांच्या हातात दिला.