कानाशी मारायची हाक

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही. आणि आठवलं की अजूनही आनंदानं छाती धडधडते! त्याचीच तर लाज वाटते.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गांधीबागेत ह्यांच्या सायकलला ट्रकनं धडक दिली, डोक्याला मार लागला. डोळे उघडत, पण ओळख नाही. डॉक्टरांनी मुंबईहून कंपवातावरची नवी गोळी मागवली — अशा रोग्याला तिनं जाग येते का, बघायला. नळीतून गोळी द्या, मग कानाशी नावानं हाक मारा आणि नजर वळते का ते सांगा, म्हणाले. पडद्यापलीकडच्या खाटेवर कुही गावची शेवंता होती, झाडावरून पडून तशीच बेशुद्ध — ह्यांना फरक पडला तर डॉक्टर तिलाही ती गोळी देणार होते. तिचा बाप तिला दिवसभर हाका मारी, “शेवंते, ऊठ वं माय!”

आणि मी? शाळेत खणखणीत हजेरी घेणारी बाई! पण सासूबाई समोर बसलेल्या. त्यांच्यादेखत नवऱ्याचं नाव — कसं घेणार? मी नुसतं “अहो” पुटपुटायची. डॉक्टरांना मात्र रोज सांगायची — हाक मारली, नजर वळत नाही. शेवटी त्यांनी गोळी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहाला गेल्या. मी वाकले, आणि — “वामन!”

नजर वळली! माझ्याकडे! पुन्हा हाक मारली — पुन्हा वळली! मी किंचाळले, रडले, नर्सच्या गळ्यात पडले. अख्खा दवाखाना धावत आला.

डॉक्टर हसत म्हणाले, “गोळी बंद केल्यावर जागे झाले! म्हणजे आपोआपच.” उरलेल्या गोळ्या त्यांनी परत पाठवल्या.

आधी मी हाक मारलीच नव्हती — एवढंच सांगायचं होतं ना? नाही सांगितलं. शेवंताच्या बापानं विचारलं, “बाई, माह्या पोरीले देतीन का जी ते गोळी?”

“त्या गोळीचा काही उपयोग नाही,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि पडद्याआड गेला. काही दिवसांनी तिला तशीच घरी नेली. गोळीनं ती उठली असती का? कुणास ठाऊक. ते कळूच दिलं नाही मी.

हे बरे झाले. आता मी ह्यांना चारचौघांत नावानं हाक मारते. “हिनं नाव घेतलं आणि मी परत आलो,” हे खुशीत सांगतात. सगळे हसतात, मीही हसते. आणि पडद्यापलीकडून तो बाप ऐकू येतो — त्याला हाक मारायची कधी लाज वाटली नव्हती.