शिर्डीचं तिकीट, ओझरचं विमान आणि हैदराबादचा मांडव

नारायणगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे अर्ज आणि अधूनमधून विमानाची तिकिटं. गेल्या सहा वर्षांत मी दुबईपासून दिल्लीपर्यंत लोकांना पाठवलं. मी स्वतः मात्र विमानात कधी बसले नव्हते. हे मी कुणाला सांगायचे नाही, कारण खिडकीची सीट कुठली घ्यावी यावर लोक माझा सल्ला घ्यायचे आणि मी तो बिनधास्त द्यायचे.

मग फेब्रुवारीत सुमनआत्याच्या धाकट्या मुलीचं, कोमलचं, लग्न ठरलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, लग्नानंतर हैदराबादला गेलेली. तिचा सगळ्यात थोरला भाऊ म्हणजे आमचे तात्या. येडगावला धरणाच्या कडेला राहतात. आजोबांच्या काळात आमच्याकडे मेंढरांचा मोठा वाडा, म्हणजे कळप, होता, दरसाल कोकणात उतरायचा. आता सगळे शेतीत आहेत, पण तात्यांनी वीसेक मेंढ्या ठेवल्यात. दावण रिकामी बघवत नाही म्हणतात.

आत्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला तात्या खाजगी बसने निघाले होते. सोलापूरच्या पुढे बस बंद पडली ती पाच तास. तात्या पोचले तेव्हा मांडवात खुर्च्या गोळा करत होते. मामाच्या जागी शेजारचा कोणीतरी उभा राहिला होता. आत्या चारचौघांत म्हणाली, माझ्या पोरीला मामा नव्हता. तात्या न जेवता परत फिरले. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दोघांचं बोलणं माझ्या फोनवरून व्हायचं. आत्या मला विचारायची, मी तात्यांना, आणि उत्तर पुन्हा उलट्या वाटेने.

या वेळी पत्रिका आली ती तात्यांच्या नावाने. मुहूर्त शुक्रवारी दुपारी बारा पस्तीस. तात्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसले. बसने जाणार नाहीत हे मला ठाऊक होतं. रेल्वेला लांबलचक वेटिंग होतं. ते म्हणाले, "वैशू, लोकांची तिकटं काढतीस, आमची पन काढ की."

आता आपल्या भागातून विमान पकडायचं म्हणजे काय काय पर्याय असतात ते सांगते, कारण हे मला बरेच जण विचारतात. सरळ वाट पुण्याची, पण लग्नसराईत तिथलं भाडं चढतं. मुंबईला विमानं भरपूर, पण माळशेज उतरून कल्याणच्या गर्दीतून जाण्यात अर्धा दिवस जातो. उरलं शिर्डी आणि नाशिकचं ओझर. शिर्डी आळेफाट्यावरून सोयीचं, आणि त्या आठवड्यात तिथलं तिकीट पुण्याच्या जवळजवळ निम्म्यात मिळत होतं. गुरुवार दुपारची दोन तिकिटं मी काढली आणि दिवसभर स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

बुधवारी दुपारी कंपनीचा मेसेज आला. उड्डाण रद्द, क्षमस्व, पैसे परत घ्या किंवा दुसरं विमान निवडा. स्वस्त तिकिटाचा हा एक धडा लिहूनच ठेवा: छोट्या विमानतळावरून दिवसाला एकच विमान असेल, तर ते गेलं की दिवस गेला. मुहूर्ताचं काम असेल तर एक दिवस आधीचं तिकीट काढा. मी ते केलं होतं, म्हणून तर वाट उरली होती.

तासभर फोनवर गाणं ऐकल्यावर कंपनीची मुलगी मिळाली. पुण्याहून गुरुवारी एकच सीट होती. मी तात्यांना म्हटलं, तुम्ही एकटे जा. ते म्हणाले, एकटा गेलो तर हैदराबादच्या पुढं उतरंन. मग तिने ओझर शोधलं. शुक्रवारी सकाळी नऊ पन्नासला निघून अकरा वीसला हैदराबाद, जादा पैसे नाहीत. मुहूर्ताला सव्वा तास उरत होता. आम्ही येतोय हे आत्याला मी आधीही सांगितलं नव्हतं, आताही कळवलं नाही. खरं तर धीरच झाला नाही. तात्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पोचलो तर पोचलो. पन निघायचं."

गुरुवारी दुपारी नारायणगावातून एसटी पकडली. तात्यांच्या मते एसटी ही बस नव्हे, एसटी म्हणजे एसटी, ती पोचवते. माझं तिकीट निम्मं, ज्येष्ठ म्हणून त्यांचंही निम्मं. सामानात काळ्या द्राक्षांची एक पेटी, माझी बॅग, आणि घरच्या मेंढ्यांच्या लोकरीची, कोमलसाठी मुद्दाम विणून घेतलेली घोंगडी. आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत साडेतीन तासांत नाशिकला पोचलो. द्वारका चौकाजवळ लॉज घेतला. संध्याकाळी झणझणीत मिसळ खाल्ली. तात्यांनी तीन वेळा तर्री मागितली तेव्हा वेटर म्हणाला, बाबा, उद्या प्रवास असेल तर जपून. तात्या म्हणाले, प्रवास वरनं हाय, खड्डे न्हाईत. मी इतकी हसले की ठसका लागला.

सकाळी सातला रिक्षा ठरवून निघालो. ओझर शहरापासून वीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, त्यामुळे तात्या सगळी वाट घडांकडे बघून मान हलवत होते. यांचा मणी आपल्यापेक्षा लहान, असं त्यांचं मत पडलं.

आणि छोट्या विमानतळाचं सुख काय सांगू. दारात उतरा, चार पावलांवर काउंटर, चार पावलांवर तपासणी. धावाधाव नाही, मैलभर चालणं नाही, गुडघेवाल्या माणसाला तर वरदान. द्राक्षांची पेटी खालच्या सामानात दिली. हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा असते, म्हणून तात्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली. अंगावरच्या कपड्याला वजन नसतं हे त्यांनी कुणालाही न विचारता ठरवलं होतं आणि कुणी हरकतही घेतली नाही.

तपासणीत मात्र गाडी अडली. पानाच्या चंचीत अडकित्ता निघाला. तीस वर्षांपूर्वीचा, पितळी मुठीचा. तिथल्या बाई सभ्यपणे म्हणाल्या, हा आत नेता येणार नाही. खालचं सामान तर पुढे गेलेलं. मी विनवणी करायला तोंड उघडलं, तेवढ्यात तात्यांनी अडकित्ता ट्रेमधून उचलून त्यांच्यापुढे ठेवला. "राहू द्या बाई. सुपारी काय, दातानं बी फुटती." पुढे गेल्यावर त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, बस्स. तुम्ही तसली वस्तू नेणार असाल तर ती आधीच मोठ्या बॅगेत टाका. हे मी शंभर जणांना सांगितलं असेल, घरच्या माणसाला सांगायचं राहिलं.

विमानाकडे पायीच चालत गेलो. दोन्ही पंखांना पंखे असलेलं ते लहानसं विमान. तात्या शिडीपाशी थांबून त्या पंख्याकडे बघत राहिले. मागचे लोक खोळंबले. तिथला कर्मचारी म्हणाला, चला काका. तात्या म्हणाले, "थांबा राव, आमी पयल्यांदा आलोय." मग तो तरुणही थांबला आणि त्याने पंख्याला किती पाती आहेत ते मोजून दाखवलं.

खिडकीच्या सीटचे जादा पैसे मी वाचवले होते, त्यामुळे खिडकीत एक शिक्षिका बसल्या होत्या. तात्यांनी मान इतकी लांब केली की त्या आपणहून उठल्या. विमान पळायला लागलं तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पोटात पाळण्यातल्यासारखं झालं आणि मला हसू फुटलं, ते थांबेचना. सहा वर्षं लोकांना तिकिटं विकली आणि हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, की जमीन सुटते त्या क्षणी आपण सात वर्षांचे होतो. शिक्षिकाही हसायला लागल्या. तात्या मात्र काचेला नाक लावून बसले.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "वैशू, खाली मोकळं रान राहिलंच न्हाई. समदे चौकोन. मेंढरं न्यायची म्हटलं तर जायची कुठनं?" मग म्हणाले, "पन चौकोन दिसतात लई भारी."

अकरा अठराला चाकं टेकली. दोन मिनिटं लवकर. मी देवाचं नाव घेतलं आणि सामानाच्या पट्ट्यापाशी जाऊन ते परत घेतलं, कारण पट्टा हलेचना. अकरा तीस. अकरा पस्तीस. मी म्हटलं, तात्या, द्राक्षं सोडून देऊ. ते म्हणाले, रिकाम्या हातानं एकदा गेलो व्हतो. मग मी तिथंच पट्ट्यापाशी उभी राहिले. अकरा चाळीसला पेटी आली, एका कोपऱ्यात दबलेली, खालून जांभळा डाग.

टॅक्सीवाल्याला पत्रिकाच दाखवली. त्याने घड्याळ बघितलं आणि हिंदीत विचारलं, लडकी के कौन लगते हैं. तात्यांना तेवढं हिंदी टीव्हीमुळे कळतं. "मामा," ते म्हणाले. पुढे त्या माणसाने गाडी जी काढली, तिचं वर्णन नकोच. हैदराबादचा सुंदर उंच रस्ता मी डोळे मिटून पाहिला.

बारा पंचवीसला कार्यालयाच्या दारात उतरलो. आत भटजी माइकवर म्हणत होते, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. कोणी तरी दुसऱ्या माणसाला पुढे करत होतं. तात्या चपला न काढताच निम्म्या मांडवापर्यंत गेले, मग परत येऊन चपला काढल्या. खांद्यावर घोंगडी, हातात ठिबकणारी पेटी. ती पेटी मी त्यांच्या हातातून ओढून घेतली.

सुमनआत्या स्टेजच्या पायरीवर उभी होती. तिने तात्यांकडे पाहिलं. मला वाटलं रडेल, नाहीतर बोलेल काहीतरी. ती दोन पायऱ्या खाली आली, तात्यांची टोपी सरळ केली आणि म्हणाली, "जा. पोरगी वाट बघतीया."

तात्या कोमलला घेऊन आले. मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी ताठ उभे राहिले. गुडघा दुखत असणार, पण वाकले नाहीत. अक्षता टाकताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे माझ्या बऱ्याचशा पुढच्या बाईंच्या अंबाड्यात गेल्या.

उरलेल्या द्राक्षांचा फडशा वऱ्हाडाने दहा मिनिटांत पाडला. दुसऱ्या दिवशी आत्याने आम्हाला चारमिनार दाखवला. इराणी चहात बिस्किट बुडवताना तात्यांचं अर्धं कपात पडलं, ते आत्याने तिच्या चमच्याने काढून दिलं. दोघं दिवसभर बोलत होती, कोण मेलं, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोणत्या मेंढीचा गाभ कसा पडला. मी मागून पिशव्या घेऊन चालत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा फोन रिकामा होता.

परतीचं रविवारचं तिकीट पुण्याचं होतं. भर दुपारचं असल्याने स्वस्तात मिळालं. या वेळी खिडकीचे पैसे मी मुकाट्याने भरले. पुण्याहून चाकणची गर्दी सोसत, खेडचा घाट चढून पेठला चहाला थांबलो. घोंगडी कोमलला देऊन, आत्याने दिलेल्या नव्या धोतरजोडीत बसलेल्या तात्यांना टपरीवाल्याने विचारलं, पावणं कुठनं? तात्या म्हणाले, हैदराबादहून, सकाळी तिथं नाष्टा केला. टपरीवाल्याने चहात साखर जास्त घातली.

घरी येऊन आता महिना झाला. हिशेब मांडायचा तर स्वस्त तिकिटाने आम्हाला धावायला लावलं, हे खरं. पण ते स्वस्त होतं म्हणून निघालो, हेही खरं. कोणी विचारलं की मी आता चारही विमानतळांचे भाव शेजारी शेजारी उघडते आणि आधी एकच प्रश्न विचारते, पोचायचं कशाला आहे? फिरायला असेल तर शिर्डी नाहीतर ओझर बघा, मजा आहे. मुहूर्त असेल तर मधे एक अख्खा दिवस ठेवा.

परवा येडगावला गेले होते. तात्या पारावर बसले होते आणि कोणीतरी त्यांना विचारत होतं, हैदराबाद केवढं लांब असंल हो? तात्यांनी जरा विचार केला.

"लांब न्हाई," ते म्हणाले. "मीच गेलो न्हवतो."