क्लेमची कॅरॅव्हॅन वजनकाट्यावर

सदर इसम क्लेम ट्रेलोअर, वय एकोणसत्तर, राहणार क्वॉर्न (दक्षिण ऑस्ट्रेलिया), व्यवसाय मेंढ्यांची लोकर कातरणे (निवृत्त), स्वभावाने सावध. या सावध इसमाने खडबडीत रस्त्यांवर चालणारी जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेतली. पाटीवरचं वजन वाचून आपली गाडी ती सहज ओढेल, असं त्यानं ठरवलं. ते वजन रिकाम्या कॅरॅव्हॅनचं होतं. जन्मभर मेंढ्या उघड्या केलेल्या माणसाला एवढं सुचायला हवं होतं.

बायको आयरिसची नजर मंदावत चालली होती. पुरती जायच्या आत तिला वाळवंटापलीकडचे, दूर वायव्येतल्या किंबर्लीचे लाल कडे पाहायचे होते.

गव्हाच्या कोठारावरच्या वजनकाट्यावर भरलेली कॅरॅव्हॅन चढली, तसा काटेवाला बार्नी हसला. "गड्या, घर घेतलंस की डोंगर? उतारावर हीच तुझ्या गाडीला ढकलत नेईल."

"पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या तर?"

"वाळवंटात? मग पिणार काय, आयरिसचे टोमणे?"

"ते भरपूर आहेत," आयरिस गाडीतून म्हणाली. "आणि मीच उतरले तर, बार्नी?"

बार्नीचं हसू थांबलं. क्लेम त्याच दिवशी दणकट गाडीच्या शोधाला लागला.

ती गाडी मिळाली तेव्हा तिचा रंग आयरिसला क्लेमकडून विचारून घ्यावा लागला.